टाकीतले पाणी : हक्क आणि कर्तव्य

दि. 20 मार्च 1927 रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि पाण्यावरील माणसाचा समान हक्क सिद्ध केला. आज आपल्या घराघरांत नळ आहे. मात्र नळातून आलेले पाणी पेल्यात येण्यापूर्वी टाकीत थांबते. तेथे ते शुद्ध राखणे हे सर्वस्वी आपले काम आहे. स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही पालकांशी आणि माजी विद्यार्थ्यांशी याच विषयावर बोलू इच्छितो.

साठवलेल्या पाण्याची काळजी घेणे आपल्या परंपरेला नवे नाही. कान्हेरीच्या लेण्यांत पावसाचे पाणी साठवण्यासाठी कातळात टाकी खोदलेली आहेत. तेथील शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. भिक्खूच्या अष्टपरिष्कारांत चीवर आणि भिक्षापात्राबरोबर पाणी गाळण्याचे वस्त्रही येते.

वसईत पूर्वी विहिरी आणि बावखले होती. आता सूर्या प्रकल्पाचे पाणी ठरावीक वेळी येते, तर अनेक वसाहतींना टँकरचा आधार घ्यावा लागतो. त्यामुळे पाणी आधी तळटाकीत, मग गच्चीवरील टाकीत साठते. पुरवठा बंद असताना जलवाहिनीतील दाब उतरतो आणि गळक्या जोडातून बाहेरचे घाण पाणी आत शिरू शकते. टाकीच्या तळाशी गाळ बसतो, भिंतींना बुळबुळीत थर चढतो. त्या थरात जंतूंना आश्रय मिळतो आणि पाण्यातील क्लोरीन हळूहळू संपते. पाणी दिसायला नितळ असले तरी ते निर्धोक असेलच असे नाही. जुलै 2018 च्या अतिवृष्टीत वसई-नालासोपाऱ्याचे सखल भाग जलमय झाले होते. अशा वेळी पुराचे पाणी तळटाकीत शिरले असल्यास ती धुतल्याशिवाय वापरू नये.

टाकी वर्षातून किमान दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, धुवावी. आधी तळटाकी, मग वरची, असा क्रम ठेवावा. पाणी काढून गाळ उपसावा, भिंती आणि झाकणाची आतली बाजू ब्रशने घासावी व पाण्याने धुवावी. साबण किंवा आम्ल वापरू नये. नंतर टाकी भरावी. हजार लिटर पाण्यासाठी सुमारे 150 ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर बादलीत कालवावी, चुना तळाशी बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणी टाकीत ओतावे. क्लोरीनचा वास येईपर्यंत घरातील प्रत्येक नळ सोडावा व बंद करावा. हे पाणी 24 तास तसेच ठेवावे. ते पिऊ नये. शौचालय आणि फरशी धुण्यास वापरावे, म्हणजे टंचाईच्या दिवसांत ते वाया जाणार नाही. टाकी व नळ पुन्हा धुऊन मगच पिण्याचे पाणी भरावे.

झाकण घट्ट असावे. ओव्हरफ्लोच्या नळीला बारीक जाळी बांधावी. डेंग्यू पसरविणारा एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. त्याची अंडी भांड्याच्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडली तरी अनेक महिने तग धरतात. म्हणून पिंप व बादल्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासाव्यात, नुसत्या पालथ्या घालणे पुरेसे नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. तळटाकीचे तोंड अरुंद, म्हणून लहान मुलाला किंवा नाक्यावरून आणलेल्या एखाद्या मजुराला आत उतरविण्याची रीत अनेक ठिकाणी दिसते. बंद टाकीत प्राणवायू कमी असू शकतो आणि आत गेलेला माणूस क्षणात बेशुद्ध पडतो. त्याला वाचवायला उतरलेला दुसराही दगावतो. मुलाला कधीही आत पाठवू नये. झाकण बराच वेळ उघडे ठेवून हवा खेळती करावी, पंपाचा वीजपुरवठा तोडावा, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधावा आणि बाहेर दोन माणसे उभी ठेवावीत. ब्लीचिंग पावडर आम्लात मिसळल्यास विषारी वायू निघतो. ज्या खोल टाकीत सुरक्षितपणे उतरता येत नाही, तिथे योग्य साधने असलेल्या जाणकारांनाच बोलवावे.

आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांची घाण उपसली आहे. आपल्या घराच्या स्वच्छतेसाठी दुसऱ्या कुणाचा जीव धोक्यात घालणे आपल्याला शोभणार नाही. गाळ उपसण्याचे काम सोसायटीतील सर्वांनी वाटून घ्यावे, कामकऱ्याला पूर्ण मोबदला आणि संरक्षण द्यावे आणि टाकी धुतल्याची तारीख झाकणाजवळ लिहून ठेवावी. आपल्या घरच्या टाकीवर शेवटची तारीख कोणती आहे, हे प्रत्येक वाचकाने आजच पाहावे, एवढीच आमची विनंती.