विश्लेषण : जास्त गिगाहर्ट्झ म्हणजे जास्त वेगवान संगणक?

लॅपटॉप घेताना ‘प्रोसेसर किती गिगाहर्ट्झचा?’ हा प्रश्न आजही हमखास विचारला जातो. याच आकड्यावरून दोन दशकांपूर्वी ॲपल आणि इंटेलच्या चिप वापरणाऱ्या पीसी कंपन्यांमध्ये जोरदार स्पर्धा रंगली होती.

वाद काय होता?
जुलै २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅकवर्ल्ड परिषदेत ॲपलने ८६७ मेगाहर्ट्झचा पॉवर मॅक जी४ आणि १.७ गिगाहर्ट्झचा पेन्टियम ४ संगणक यांची तुलना केली. आकडा निम्मा असूनही फोटोशॉपच्या चाचणीत मॅक पुढे राहिला. जास्त आकडा म्हणजे जास्त वेग हा भ्रम असल्याचे सांगत ॲपलने त्याला ‘मेगाहर्ट्झ मिथ’ म्हटले.

हे कसे शक्य झाले?
१ मेगाहर्ट्झ म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचे सेकंदाला १० लाख ठोके. एका ठोक्यात किती काम होते, हे त्यातून कळत नाही. प्रोसेसर प्रत्येक सूचना टप्प्याटप्प्याने पूर्ण करतो. या जी४ मध्ये असे ७ टप्पे होते, तर पेन्टियम ४ मध्ये २०. टप्पे छोटे केले की ठोके वाढवता येतात. मात्र पुढच्या सूचनेचा अंदाज चुकला, तर अर्धवट काम टाकून द्यावे लागते. रांग जितकी लांब, तितका तोटा मोठा.

मग ॲपलचा दावा खरा होता?
अर्धाच. दाखवलेल्या चाचण्या ॲपलनेच निवडल्या होत्या. २००३ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी वर्षभरात ३ गिगाहर्ट्झचा मॅक जी५ देण्याचे आश्वासन दिले. ते पूर्ण झाले नाही.

इंटेल जिंकली का?
नाही. ठोक्यांसोबत वीजवापर आणि उष्णताही वाढली. ऑक्टोबर २००४ मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झच्या पेन्टियम ४ ची योजना रद्द केली आणि एका चिपवर अनेक कोअर देण्यावर भर दिला. जून २००५ मध्ये ॲपलनेही इंटेलच्या चिप वापरण्याची घोषणा केली. त्यावेळी जॉब्स यांनी कारण दिले ते प्रतिवॅट कामगिरीचे, गिगाहर्ट्झचे नव्हे.

ग्राहकांनी काय पाहावे?
गिगाहर्ट्झची तुलना एकाच कंपनीच्या, एकाच पिढीतील चिपपुरतीच उपयोगी ठरते. जाहिरातीतला मोठा आकडा बहुतेकदा कमाल वेगाचा असतो आणि चिप तापली की तो टिकत नाही. त्यामुळे चिपची पिढी, कोअर आणि रॅम तपासा. आपण रोज वापरतो त्या सॉफ्टवेअरवरील त्रयस्थ चाचण्या पाहा आणि मगच पैसे मोजा.