पाठीमागच्या बाजूचा माणूस

9 सप्टेंबर 2007. अमेरिकन फुटबॉलमधल्या क्लीव्हलंड ब्राउन्सकडून जो थॉमसचा पहिलाच सामना, समोर पिट्सबर्ग स्टीलर्स. ज्याला सांभाळण्यासाठी त्याला घेतलं होतं तो क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारा, चार्ली फ्राय पूर्वार्धातच बाकावर बसवला गेला. सामना ब्राउन्सने 34-7 असा गमावला आणि दोनच दिवसांत फ्रायची रवानगी थेट सिएटलला झाली. पुढच्या रविवारी त्याच्या जागी डेरेक अँडरसनने सुरुवात केली आणि त्याच संघाने सिनसिनाटीला 51-45 असं हरवलं! पुढे काय वाढून ठेवलंय, याचा पूर्ण नमुना थॉमसला आठ दिवसांत मिळाला होता. कारकीर्द संपेपर्यंत वीसेक क्वार्टरबॅक आणि सहा मुख्य प्रशिक्षक त्याच्या वाट्याला आले.

थॉमसची जागा लेफ्ट टॅकलची, म्हणजे क्वार्टरबॅकपुढे भिंतीसारख्या उभ्या राहणाऱ्या ऑफेन्सिव्ह लाइनच्या डाव्या टोकाची. उजव्या हाताने फेकणारा क्वार्टरबॅक चेंडू फेकायला वळला की त्याची पाठ डावीकडे होते. त्या बाजूने सव्वाशे किलोचा गडी धावत आला तर तो त्याला दिसतच नाही. 1985 मध्ये बचावपटू लॉरेन्स टेलरने क्वार्टरबॅक जो थाइसमनला पाडलं, थाइसमनचा पाय मोडला आणि त्याची कारकीर्द तिथेच संपली. हे टीव्हीवर सगळ्या अमेरिकेने पाहिलं. तेव्हापासून ही पाठ राखणाऱ्याचा भाव चढत गेला. थॉमसला 2011 मध्ये सात वर्षांसाठी 8 कोटी 40 लाख डॉलरचा करार मिळाला. भाव चढला, पण नाव काही होत नाही. आपल्याकडे यष्टिरक्षकाचं नाव झेल सुटल्यावर निघतं ना, तसंच. पंचाने पिवळा रुमाल टाकला, प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवल्याबद्दल दहा यार्डांचा दंड झाला, की मगच स्टेडियममध्ये लाइनमनचा नंबर पुकारला जातो. थॉमसचा 73.

या मंडळींचं खरं शास्त्र कपडे बदलायच्या खोलीत कळतं. जर्सी इतकी तंग की ती चढवायला दुसरा माणूस लागतो. खांद्याच्या पॅडवर दुहेरी चिकटपट्टी लावून कापड घट्ट बसवतात, कारण समोरच्याच्या मुठीत चिमूटभर कापड आलं तरी तो तुम्हाला फिरवून टाकतो. बोटं दोन-दोन करून पट्टीने बांधलेली. मैदानावर उतरल्यावर बचाव मात्र हातांपेक्षा पावलांचा. मागे सरकत, उजवं पाऊल जमिनीलगत ठेवून डावं पाऊल तिरकं मागे टाकत राहायचं, खांदे फिरू द्यायचे नाहीत. थॉमस याच सरकण्यासाठी नावाजला गेला. कॉलेजात तो गोळाफेक करायचा. एवढ्या वजनाच्या माणसाची पावलं इतकी हलकी कशी पडतात, याचं कोडं मला त्यातून थोडं उलगडतं: वर्तुळाच्या आत तोल सांभाळायची सवय आधीपासूनची.

त्याचा सगळ्यात गाजलेला किस्सा मैदानाबाहेरचा आहे. 2007 च्या ड्राफ्टला, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या सोहळ्याला, न्यूयॉर्कच्या मंचावर यायचं, संघाची टोपी घालायची, लीगच्या आयुक्तांशी हस्तांदोलन करायचं, असं त्याला निमंत्रण होतं. हा गेला वडिलांबरोबर मिशिगन सरोवरात मासे पकडायला! तिसऱ्या क्रमांकावर निवड झाली तेव्हा तो बोटीवरच होता. बोटीवरचा तो दिवस मात्र बिनप्रसिद्धीचा नव्हता, कॅमेरा सोबत होताच. तरीही, जमिनीवर न येता ड्राफ्ट होणं यात एक मिजास आहे, आणि ती मला आवडते.

मग संघ हरू लागला. पहिल्या मोसमात दहा विजय मिळाले, तरी बाद फेरी हुकली. त्यानंतर जिंकण्याचा मोसम त्याच्या वाट्याला आलाच नाही. एकूण 167 सामने, 48 जिंकलेले, 119 हरलेले. या सगळ्यात तो मैदानातून बाहेर आला नाही. चेंडू मागे देऊन डाव सुरू होतो त्याला स्नॅप म्हणतात. असे सलग 10,363 स्नॅप तो खेळला. तीस गुणांनी मागे पडल्यावर शेवटच्या मिनिटांत राखीव खेळाडू उतरवणं सर्रास चालतं, त्यात कुणी नाक मुरडत नाही. तेव्हाही हा उभाच. त्या आकड्यापेक्षा मला ही हरलेली मिनिटं जास्त बोलकी वाटतात. 2015 मध्ये त्याला डेन्व्हरच्या संघाला देण्याच्या वाटाघाटी खेळाडूंच्या अदलाबदलीच्या मुदतीच्या दिवसापर्यंत चालल्या आणि फिसकटल्या. त्याच मोसमात डेन्व्हरने सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, जिंकला. थॉमसला बाद फेरीचा एकही सामना कधी खेळायला मिळाला नाही.

22 ऑक्टोबर 2017 ला टेनेसीविरुद्ध तिसऱ्या सत्रात, साध्या धावण्याच्या डावात, त्याच्या डाव्या दंडाचा मागचा स्नायू फाटला. सलग स्नॅपचा आकडा तिथे थांबला. पुढच्या मार्चमध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. खेळत असतानाच एका मुलाखतीत त्याने स्मरणशक्ती कमी होत असल्याचं बोलून दाखवलं होतं, तेही कसलाही गाजावाजा न करता. 2023 मध्ये पात्र होताच पहिल्याच वर्षी तो कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला.

या धंद्यातली सर्वांत कंटाळवाणी मेहनत, त्याच्याच सांगण्यानुसार, जेवणाची. एकशे चाळीस किलो टिकवायचे तर भूक लागो न लागो, खात राहायचं. भरपेट जेवण झाल्यावर झोपण्याआधी पुन्हा फ्रोझन पिझ्झा, आइस्क्रीम, बिस्किटांची पुडी आणि दूध. निवृत्त झाल्यावर त्याने पहिल्यांदा हे थांबवलं, पोहणं आणि योगासनं सुरू केली. काही महिन्यांत वीसेक किलो उतरले. पुढे टीव्हीवर समालोचनाला बसलेला हा सडसडीत गृहस्थ कोण, असं लोक एकमेकांना विचारू लागले.