गाडीवरचे नाव आणि गाडीचा रंग

स्वतःचा टेम्पो दारात उभा राहणे ही कोणत्याही होतकरू तरुणाच्या आयुष्यातील मोठी घटना असते. २००५ साली टाटांचा 'एस', म्हणजे आपल्या तोंडी रुळलेला 'छोटा हत्ती' बाजारात आला. तेव्हापासून भाजी, पाण्याचे जार, मंडपाचे सामान, फर्निचर अशा लहान धंद्यांनाही स्वतःचे वाहन परवडू लागले. पुढे २०१५ साली मुद्रा योजना आली आणि लहान धंद्यांच्या कर्जाची वाट आणखी रुंद झाली. बँकेत कर्जाच्या टेबलावर बसून आम्ही अशा अनेक गाड्यांचे कागद हाताळले आहेत. गाडी आली की पहिल्या आठवड्यातच मालक तिच्यावर धंद्याचे नाव व फोन नंबर लावून घेतो. ते योग्यच आहे, कारण फिरती गाडी ही बिनभाड्याची जाहिरात असते. परंतु हे नाव लावताना गाडीच्या रंगाचे काय होते, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

आमच्या परिचयातील एका तरुणाचे उदाहरण सांगतो. त्याचा जेवणाच्या ऑर्डरी पुरविण्याचा धंदा. त्याने टेम्पोच्या दोन्ही दरवाजांवर चुंबकाने चिकटणाऱ्या पाट्या लावल्या. लावल्या त्या मे महिन्यात आणि काढल्या त्या थेट दिवाळीच्या साफसफाईला. पाहतो तर पाटीखालचा चौकोन नव्यासारखा आणि भोवतालचा रंग उतरलेला. खालच्या कडेला रंगाला फोड आलेले. नखाने टोकरले तर आत तांबडा गंज. पुढे अडचणीमुळे गाडी विकावी लागली, तेव्हा गिऱ्हाईक म्हणाले, "दरवाजा ठोकून घेतलेला दिसतो." अपघात झालेलाच नव्हता, पण किंमत पडली ती पडलीच. आलेल्या पैशांत बँकेची बाकी भागेना. बाकी भागल्याशिवाय बँकेचा ना-हरकत दाखला नाही आणि तो दाखला असल्याशिवाय आर.सी. बुकावरचा बँकेचा बोजा उतरत नाही. फरकाची रक्कम त्याला घरातून भरावी लागली. एका पाटीखाली एवढे सगळे दडलेले असते.

रंग म्हणजे पत्र्याचे अंगरखे

विद्यार्थ्यांनी शाळेत शिकलेले आठवावे. लोखंडाला गंज चढण्यास हवा आणि पाणी दोन्ही लागतात. गाडीचा रंग या दोघांना पत्र्यापासून दूर ठेवतो, शोभा ही त्यानंतरची गोष्ट. कारखान्यात पत्र्यावर आधी रासायनिक प्रक्रिया करतात, मग प्रायमर, मग रंग आणि पुष्कळ गाड्यांवर शेवटी पारदर्शक थर चढवितात. हे सारे थर मिळून जाडी भरते ती सुमारे ०.१ मिलिमीटर, म्हणजे जाडसर कागदाएवढी. एवढ्याशा पापुद्र्यावर पत्र्याचे आयुष्य अवलंबून असते.

पाटी या पापुद्र्याला तीन प्रकारे इजा करते. पहिली, पाणी कोंडून. दोन काचा एकमेकींवर ठेवल्या की फटीत पाणी आपोआप ओढले जाते व लवकर सुकत नाही. तसेच पाटी व पत्रा यांच्यामध्ये होते. वर ऊन लागले की ते कोंडलेले पाणी तापते आणि रंग फुगतो. दुसरी, घासून. पाण्याबरोबर आत गेलेली धूळ गाडीच्या हादऱ्यांनी सँडपेपरसारखे काम करते. तिसरी इजा उन्हामुळे. सूर्याच्या अतिनील किरणांनी उघडा रंग फिका पडतो, झाकलेला तसाच राहतो आणि पाटी काढली तरी तिची छाया दिसत राहते.

चुंबकी पाटी

ही पाटी कायमची नव्हे, हे पहिले सूत्र. सकाळी धंद्याला निघताना लावावी व रात्री काढावी. ते जमत नसेल तर आठवड्यातून एकदा तरी काढलीच पाहिजे, आणि पावसाळ्यात रोज. लावण्यापूर्वी पत्रा आणि पाटीची मागील बाजू, दोन्ही साध्या साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करावीत. दरवाजावर अधूनमधून मेणाचे पॉलिश करावे, पण ते पूर्ण वाळल्याशिवाय पाटी ठेवू नये. कोपरे गोल कापून घ्यावेत, म्हणजे वाऱ्याने उचलले जात नाहीत. पाटी सपाट भागावरच लावावी. पत्र्याच्या घडीवर किंवा पट्टीवर आली तर खाली पोकळी राहते, तेथे पाणी साचते व वेगात पाटी उडूनही जाते. सरकवायची असेल तर ओढू नये, उचलून पुन्हा ठेवावी. काढल्यावर सपाट जागी ठेवावी. घडी पडलेली पाटी पुन्हा नीट बसत नाही.

गॅरेजमध्ये नवीन रंग मारला असेल तर निदान दोन-तीन महिने त्यावर पाटी लावू नये. रंग हाताला सुकलेला वाटला तरी आतून पक्का व्हायला वेळ लागतो. आणखी एक गोष्ट. चुंबक प्लास्टिक, फायबर किंवा ॲल्युमिनियमला चिकटत नाही. पत्र्याच्या दरवाजावरही एखाद्या ठिकाणी तो ढिला बसला, तर तेथे जाड पुट्टी भरलेली असण्याचा संभव असतो. जुनी गाडी घेताना ही परीक्षा उपयोगी पडते.

चिकटवायचे स्टिकर

नाव रोज, कायम दिसायला हवे असेल तर व्हिनाइलचे स्टिकर बरे. त्याच्या कडा नीट चिकटल्या तर आत पाणी शिरत नाही. स्वस्त व्हिनाइल उन्हाने आकसते, कडा सुटतात आणि गोंद पत्र्यावर राहतो. चांगल्या प्रतीचे 'कास्ट' व्हिनाइल महाग असते, पण आकसत नाही व काढतानाही त्रास देत नाही. येथे मात्र मेणाचे पॉलिश आधी पूर्ण पुसून काढावे, नाहीतर गोंद धरत नाही.

सर्वांत महत्त्वाची सूचना अशी की, स्टिकर गाडीवर चिकटवून मग ब्लेडने कापू देऊ नये. कारागीर हे सर्रास करतात. ब्लेडची रेघ रंगातून थेट पत्र्यापर्यंत जाते आणि वर्ष-दोन वर्षांत त्या रेघेवर गंजाची ओळ उमटते. अक्षरे दुकानातच कापून आणावीत. काढताना हेअर ड्रायरने कोमट करावे आणि कडेपासून हळूहळू, पत्र्यालगत मागे वळवीत ओढावे. उरलेला गोंद औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या स्पिरिटने, आधी आडबाजूला तपासून, मऊ फडक्याने पुसावा. थिनर वापरू नये, तो रंगच विरघळवितो. गॅरेजमध्ये रंगविलेल्या भागावरून स्टिकर काढताना रंगाचे पापुद्रेही निघू शकतात, हे ध्यानात ठेवावे.

पेंटरची अक्षरे

पेंटरच्या हाताची अक्षरे आजही देखणी वाटतात. परंतु रंग धरावा म्हणून तो आधी सँडपेपर मारतो, त्यामुळे कंपनीच्या रंगाचा वरचा थर जातो आणि हे काम परत फिरविता येत नाही. म्हणून केबिनच्या दरवाजाऐवजी हौद्याच्या फाळक्यावर नाव लिहून घ्यावे. तो भाग मालाच्या चढउताराने असाही घासला जातो व पुन्हा रंगविणे सोपे असते. वेगळी पत्र्याची पाटी बसवायची तर नवीन भोके पाडू नयेत. असलेल्याच बोल्टांवर, मध्ये रबरी वायसर घालून ती बसवावी.

पाटी कोणतीही असो, नंबर प्लेट, दिवे व परावर्तक पट्ट्या झाकल्या जाता कामा नयेत. गाडीचा रंगच बदलायचा असेल तर त्याची नोंद आर.टी.ओ.त करून घ्यावी लागते. दुसऱ्याच्या मालाची जाहिरात पैसे घेऊन लावायची असेल तर तेथे आधी विचारूनच लावावी. विम्यावर विसंबू नये. वापराने होणारी झीज व गंज यांची भरपाई वाहन विम्यात मिळत नाही.

थोडक्यात, नाव अधूनमधून लावायचे असेल तर चुंबकी पाटी, कायमचे असेल तर चांगले स्टिकर, आणि रंगवायचेच असेल तर फाळका. धंद्याचे नाव उद्या बदलेल, फोन नंबरही बदलेल, परंतु गाडी कर्ज फिटेपर्यंत आणि त्यानंतरही आपल्या घराला पोसणार आहे. रात्री गाडी उभी केल्यावर पाटी काढून फडके फिरवायला पाच मिनिटे पुरतात. आपल्या सभासदांपैकी ज्यांच्या दारात गाडी आहे त्यांनी आज संध्याकाळीच एकदा पाटी उचलून खाली पाहावे, एवढीच विनंती.