अंतःस्थापित प्रणालींतील सॉफ्टवेअरची चाचणी

यंत्राच्या आत बसवलेल्या संगणकावर चालणारी आज्ञावली अपेक्षेप्रमाणे, नेमून दिलेल्या वेळेत आणि सुरक्षितपणे काम करते की नाही, हे तपासण्याच्या प्रक्रियेला अंतःस्थापित प्रणालींतील सॉफ्टवेअरची चाचणी असे म्हणतात. फ्रिज, वॉशिंग मशीन, मोटारगाडीचे ब्रेक, पेसमेकर, विमान आणि अंतराळयान या सर्वांमध्ये असे संगणक असतात. अशा संगणकासह तयार झालेल्या व्यवस्थेला अंतःस्थापित प्रणाली किंवा एम्बेडेड सिस्टिम ही संज्ञा आहे. कार्यालयातील संगणकावरील आज्ञावली चुकली तर ती बंद करून पुन्हा सुरू करता येते. अंतःस्थापित आज्ञावलीची चूक मात्र मोटर, झडप किंवा किरणांचा झोत यांच्यामार्फत थेट बाह्य जगात उतरते. म्हणून चाचणीच्या वेळची परिस्थिती आणि प्रत्यक्ष वापराची परिस्थिती यांतील अंतर कमी करणे, हा या विषयाचा गाभा आहे.

वैशिष्ट्ये

सर्वसाधारण सॉफ्टवेअरच्या तुलनेत अंतःस्थापित सॉफ्टवेअरची चाचणी चार कारणांनी वेगळी ठरते.

पहिले कारण म्हणजे आज्ञावली एका संगणकावर लिहिली जाते आणि दुसऱ्यावर चालते. सी भाषेत 'इंट' या प्रकारातील संख्या आजच्या बहुतेक संगणकांवर ३२ बिटांची असते, तर एव्हीआरसारख्या ८-बिट सूक्ष्मनियंत्रकावर ती सहसा १६ बिटांची असते. १६ बिटांच्या चिन्हांकित संख्येत ३२,७६७ पेक्षा मोठी किंमत मावत नाही. त्यामुळे २०० गुणिले २०० हा गुणाकार लेखकाच्या संगणकावर ४०,००० असे बरोबर उत्तर देतो, परंतु सूक्ष्मनियंत्रकावर चुकतो. आज्ञावलीत एका अक्षराचाही बदल झालेला नसताना उत्तर बदलते.

दुसरे कारण वेळेचे आहे. मोटारीतील एअरबॅग योग्य निर्णयाने पण उशिरा उघडली, तर तिचा उपयोग नाही. अशा वास्तव-काल प्रणालींत उशिरा आलेले बरोबर उत्तरही चूकच मानले जाते. तिसरे कारण साधनांच्या टंचाईचे आहे. लहान सूक्ष्मनियंत्रकात काही किलोबाइटच स्मृती असते, तेथे चाचणीची आज्ञावली ठेवण्यासही जागा अपुरी पडते. चौथे कारण असे की, या यंत्रांना बहुधा पडदा किंवा कळफलक नसतो. आत काय चालले आहे हे पाहण्यासाठी वेगळी साधने जोडावी लागतात.

इतिहास

अपोलो चांद्रयानांवरील मार्गदर्शक संगणक हे अंतःस्थापित प्रणालीचे एक आद्य उदाहरण होय. त्याची आज्ञावली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेत लिहिली गेली. ती ज्या स्थायी स्मृतीत साठवली जाई, ती चुंबकीय कड्यांतून तारा ओवून विणलेली असे. विणकाम झाल्यावर आज्ञावलीत दुरुस्ती करणे जवळजवळ अशक्य होते. त्यामुळे विणण्याआधी मोठ्या संगणकांवर उड्डाणाचे अनुकरण करून ती तपासली जाई. २० जुलै १९६९ रोजी अपोलो ११ चंद्रावर उतरत असताना या संगणकाने १२०२ व १२०१ या क्रमांकांच्या सूचना दिल्या. रडारच्या जोडणीतून येणाऱ्या अनावश्यक संकेतांमुळे त्याचा वेळ खर्च होत होता. कमी महत्त्वाची कामे वगळून आवश्यक कामे चालू ठेवण्याची तजवीज आज्ञावलीत आधीच केलेली होती, त्यामुळे यान सुखरूप उतरले.

१९७० च्या दशकात सूक्ष्मप्रक्रियक बाजारात आल्यानंतर त्याच्या जागी बसवून आतील घडामोडी दाखवणारी 'इन-सर्किट एम्युलेटर' ही उपकरणे वापरात आली. पुढे चिप लहान आणि वेगवान होत गेल्या, तेव्हा चाचणीची सोय चिपच्या आतच करण्याची गरज भासली. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या 'जॉइंट टेस्ट अॅक्शन ग्रुप' या गटाच्या प्रयत्नांतून १९९० मध्ये आयईईई ११४९.१ हे मानक प्रसिद्ध झाले. ते या गटाच्या आद्याक्षरांवरून 'जेटॅग' या नावाने ओळखले जाते. मुळात सर्किट बोर्डावरील जोडण्या तपासण्यासाठी असलेला हा मार्ग आज आज्ञावलीतील दोष शोधण्यासाठीही सर्रास वापरला जातो.

चाचणीचे स्तर

चाचणी लहान भागापासून सुरू करून पूर्ण यंत्रापर्यंत नेली जाते. फ्रिजच्या नियंत्रकाचे उदाहरण घेतल्यास हे स्तर स्पष्ट होतात. आतील तापमान ८ अंश सेल्सिअसच्या वर गेल्यास कॉम्प्रेसर सुरू करावा, ४ अंशांच्या खाली आल्यास बंद करावा आणि एकदा बंद झाल्यावर ३ मिनिटे पुन्हा सुरू करू नये, असे नियम आहेत असे समजू.

घटक चाचणी : निर्णय घेणारा भाग आणि संवेदकाचे वाचन करणारा भाग वेगळे लिहिले जातात. मग निर्णयाच्या भागाला खऱ्या संवेदकाऐवजी लटका संवेदक आणि खऱ्या घड्याळाऐवजी लटके घड्याळ देता येते. ३ मिनिटे प्रत्यक्ष वाट न पाहता घड्याळ २ मिनिटे ५९ सेकंदांवर, नंतर ३ मिनिटांवर नेऊन दोन्ही वेळचे उत्तर तपासले जाते. सीमेवरील अशा किमतींवरच दोष अधिक आढळतात. ही चाचणी लेखकाच्या संगणकावर काही सेकंदांत पूर्ण होते. युनिटी, सीपीपीयूटेस्ट आणि गूगलटेस्ट या आज्ञावली यासाठी वापरल्या जातात.

एकत्रीकरण चाचणी : निरनिराळे भाग आणि त्यांना जोडणारे हार्डवेअर एकत्र तपासले जाते. संवेदकाची तार तुटली तर नियंत्रक तापमान शून्य समजतो की दोष ओळखतो, हा प्रश्न या स्तरावर विचारला जातो.

प्रणाली चाचणी : पूर्ण यंत्र प्रत्यक्ष उष्णता, दमटपणा, विजेच्या दाबातील चढउतार आणि विद्युतचुंबकीय व्यत्यय यांत चालवून पाहिले जाते. वीज क्षणभर जाऊन परत येणे ही भारतातील घरांत नित्याची गोष्ट आहे. वर दिलेला ३ मिनिटांचा नियम अशा वेळी पाळला जातो की नाही, हे पूर्ण यंत्रावरच खात्रीने कळते.

पुनर्चाचणी : आज्ञावलीत लहानसा बदल केला तरी आधीच्या सर्व चाचण्या पुन्हा घेतल्या जातात. हे काम वारंवार करावे लागत असल्याने ते स्वयंचलित ठेवण्याकडे कल असतो.

अनुकरण आणि 'लूप' पद्धती

खरे विमान किंवा खरी मोटार प्रत्येक चाचणीसाठी धोक्यात घालता येत नाही. म्हणून बाह्य जगाचे गणिती प्रतिमान तयार करून नियंत्रकाला त्याच्याशी जोडले जाते. नियंत्रकाचा आदेश प्रतिमानाकडे जातो, प्रतिमानाचा प्रतिसाद नियंत्रकाकडे परततो आणि असे वर्तुळ पूर्ण होते. याच्या चार पायऱ्या मानल्या जातात.

मॉडेल-इन-द-लूप : नियंत्रक आणि यंत्र ही दोन्ही गणिती प्रतिमानेच असतात.

सॉफ्टवेअर-इन-द-लूप : नियंत्रकाची खरी आज्ञावली साध्या संगणकावर चालते.

प्रोसेसर-इन-द-लूप : तीच आज्ञावली प्रत्यक्ष वापरायच्या प्रक्रियकावर चालते. १६ बिटांच्या गुणाकारासारखे दोष येथे उघड होतात.

हार्डवेअर-इन-द-लूप : संपूर्ण नियंत्रक खरा असतो, पण त्याच्या तारांवर येणारे विद्युतसंकेत अनुकरण करणारा वेगवान संगणक निर्माण करतो. बर्फाळ रस्त्यावरील ब्रेकची चाचणी अशा रीतीने प्रयोगशाळेत हजारो वेळा घेता येते.

प्रक्रियकाचेच अनुकरण करण्यासाठी क्यूईएमयू आणि रीनोड ही मुक्त सॉफ्टवेअर उपलब्ध आहेत. हार्डवेअर तयार होण्याआधी काम सुरू करता येणे हा त्यांचा मोठा लाभ आहे. विद्युत गोंगाट, सैल जोडणी किंवा अचूक कालमापन यांचे प्रतिबिंब मात्र त्यांत पूर्णपणे उमटत नाही.

साधने

डिबगर : आज्ञावली हव्या त्या ओळीवर थांबवून स्मृतीतील किमती पाहण्याचे साधन. जीडीबी हा डिबगर ओपनओसीडीसारख्या आज्ञावलीमार्फत जेटॅगशी जोडला जातो. फिरती मोटर नियंत्रित करणारी आज्ञावली मध्येच थांबवणे धोक्याचे ठरू शकते, त्यामुळे या साधनाचा वापर जपून करावा लागतो.

ऑसिलोस्कोप आणि लॉजिक अॅनालायझर : तारांवरील विद्युतसंकेत कालानुसार दाखवणारी उपकरणे. एखादे काम सुरू होताना चिपची एक पिन चालू करायची आणि संपताना बंद करायची, म्हणजे त्या कामास लागलेला वेळ पडद्यावर मोजता येतो.

मागोवा नोंद : घटना घडतील तशा त्यांची वेळेसह नोंद ठेवणे. निरीक्षणासाठी घातलेल्या जादा आज्ञांमुळे मूळ आज्ञावलीचा वेग बदलतो आणि कधी कधी शोधत असलेला दोषच दिसेनासा होतो. म्हणून अनेक प्रक्रियकांत मागोव्यासाठी स्वतंत्र हार्डवेअर दिलेले असते.

स्थिर विश्लेषण : आज्ञावली न चालवता तिच्या मजकुरातील धोकादायक रचना शोधणे. यासाठी ब्रिटनमधील मोटार उद्योगाच्या पुढाकाराने १९९८ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेले 'मिस्रा सी' हे नियम मोठ्या प्रमाणावर पाळले जातात.

स्मृतीची तपासणी : स्टॅक या स्मृतिभागात आरंभी एक ठरावीक आकृतिबंध भरून ठेवला जातो. चाचणीनंतर तो कोठपर्यंत पुसला गेला हे पाहून स्मृतीचा कमाल वापर कळतो.

दोषारोपण : मुद्दाम तार तोडणे, चुकीचा संदेश पाठवणे, आज्ञावली अडकवून पहारेकरी घड्याळ यंत्राला पुन्हा सुरू करते का ते पाहणे, किंवा सॉफ्टवेअर अद्ययावत होत असताना वीज घालवणे.

व्याप्तिमापन

आज्ञावलीचा किती भाग चाचणीत खरोखर तपासला गेला, हे व्याप्तिमापनाने कळते. प्रत्येक विधान एकदा तरी चालले पाहिजे ही सर्वांत साधी कसोटी होय. याहून कडक कसोटीत निर्णयातील प्रत्येक अटीचा निकालावर स्वतंत्र परिणाम होतो, हे दाखवावे लागते. वॉशिंग मशीनची मोटर 'दार बंद आहे', 'पाणी पुरेसे आहे' आणि 'वजन मर्यादेत आहे' या तिन्ही अटी पूर्ण झाल्यासच सुरू व्हावी असे मानू. अटींच्या एकूण ८ जोडण्या होतात. कडक कसोटीसाठी त्यांतील ४ पुरतात : तिन्ही अटी खऱ्या असणारी एक आणि प्रत्येक वेळी एकच अट खोटी असणाऱ्या तीन. अटींची संख्या वाढत गेली की हा फरक फार मोठा होतो.

चाचणीतून निसटलेले दोष

थेरॅक-२५ : या किरणोपचार यंत्रामुळे १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडा येथे सहा रुग्णांना नियोजित मात्रेपेक्षा कित्येक पटींनी अधिक किरणोत्सार मिळाला, त्यांतील काहींचा मृत्यू झाला. चालकाने उपचाराचा प्रकार चुकीचा टंकून सुमारे ८ सेकंदांच्या आत दुरुस्त केला, तर ती दुरुस्ती यंत्राच्या एका भागापर्यंत पोहोचत नसे. सरावाने चालकांचा टंकनवेग वाढल्यावरच हा दोष प्रकट होई. आधीच्या यंत्रांत असलेले स्वतंत्र यांत्रिक संरक्षण या यंत्रातून काढून टाकले होते.

पेट्रियट : २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धाहरान येथे या क्षेपणास्त्रविरोधी प्रणालीला येणारे क्षेपणास्त्र अडवता आले नाही आणि २८ अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले. एक दशांश सेकंद ही किंमत २४ बिटांत अचूक मावत नाही. ही सूक्ष्म त्रुटी साठत जाऊन सुमारे १०० तासांच्या अखंड वापरानंतर ०.३४ सेकंदांवर पोहोचली होती. इतका काळ प्रणाली सलग चालेल, हे गृहीत धरलेले नव्हते.

एरियान ५ : ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गियानातील कुरू येथून झेपावलेले या प्रक्षेपकाचे पहिले यान एका मिनिटाच्या आत नष्ट झाले. ६४ बिटांची संख्या १६ बिटांत बसवताना मूल्य मावले नाही आणि मुख्य व पर्यायी असे दोन्ही दिशादर्शक संगणक बंद पडले. दोहोंवर एकच आज्ञावली होती. ती एरियान ४ वरून घेतलेली होती, तिची चाचणी नव्या प्रक्षेपकाच्या मार्गाची माहिती देऊन झालेली नव्हती. अपघातानंतर तीच माहिती देऊन अनुकरण केले असता दोष जसाच्या तसा पुन्हा घडला.

मार्स पाथफाइंडर : ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेल्या या यानाचा संगणक काही दिवसांनी अधूनमधून आपोआप पुन्हा सुरू होऊ लागला. कमी प्राधान्याच्या कामाने अडवून ठेवलेल्या साधनासाठी अधिक प्राधान्याचे काम खोळंबत होते. उड्डाणापूर्वीही हे क्वचित दिसले होते, पण पुन्हा घडवता आले नव्हते. पृथ्वीवरील प्रतिकृतीवर मागोवा नोंदीच्या साहाय्याने कारण सापडले आणि दुरुस्ती मंगळावर पाठवण्यात आली.

या दोषांपासून दीर्घकालीन चाचणीचे महत्त्व लक्षात येते. मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटांचा गणक सुमारे ४९.७ दिवसांनी शून्यावर परततो. इतके दिवस वाट पाहण्याऐवजी गणकाची आरंभीची किंमतच कमाल मर्यादेच्या जवळ ठेवून चाचणी घेतली जाते. २०१५ मध्ये बोइंग ७८७ विमानाच्या जनित्र-नियंत्रकातील असाच दोष प्रयोगशाळेतील चाचणीत उघड झाला. सलग २४८ दिवस वीज चालू राहिल्यास त्यातील गणक ओसंडून वीजपुरवठा खंडित होण्याचा धोका होता.

मानके

विमानांतील सॉफ्टवेअरसाठी डीओ-१७८सी हे मानक वापरले जाते. त्यात दोषाच्या परिणामानुसार ए ते ई असे पाच स्तर आहेत. सर्वांत गंभीर अशा ए स्तरासाठी वर वर्णिलेले कडक व्याप्तिमापन आवश्यक असते. मोटारगाड्यांसाठी आयएसओ २६२६२ हे मानक २०११ मध्ये, तर वैद्यकीय उपकरणांसाठी आयईसी ६२३०४ हे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतात वाहने व त्यांचे भाग यांच्या चाचण्या करणाऱ्या संस्थांत पुण्यातील 'ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया' ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था प्रमुख आहे.

मर्यादा

चाचणीने दोष असल्याचे सिद्ध होते, दोष नसल्याचे सिद्ध होत नाही. १६ बिटांच्या केवळ दोन संख्या घेतल्या तरी त्यांच्या ४०० कोटींहून अधिक जोड्या होतात, त्यात वेळेचा क्रम मिळवला तर सर्व शक्यता तपासणे अशक्य होते. म्हणून जीविताशी संबंधित यंत्रांत चाचणीच्या जोडीला गणिती पडताळणी, तज्ज्ञांकडून आज्ञावलीचे वाचन आणि सॉफ्टवेअरवर अवलंबून नसलेले यांत्रिक किंवा विद्युत संरक्षण ठेवले जाते.

हे सुद्धा पहा

सूक्ष्मनियंत्रक
वास्तव-काल संगणन
सॉफ्टवेअर अभियांत्रिकी
अपोलो ११