मऊ ब्रेक आणि कमजोर ब्रेक : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मोटारसायकलचा ब्रेक नीट लागत नाही, या एकाच तक्रारीमागे दोन अगदी वेगळे दोष असू शकतात आणि त्या दोहोंना एकच समजणे हा या विषयातील सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे. पहिल्या प्रकारात लिव्हर दाबताना बोटांना हवा तेवढा विरोध जाणवत नाही, ती पोकळ लागते आणि मुठीच्या जवळपर्यंत दबत जाते. दुसऱ्या प्रकारात लिव्हर व्यवस्थित घट्ट लागते, परंतु गाडी मात्र नेहमीपेक्षा उशिरा थांबते. पहिला दोष दाब चाकापर्यंत न पोहोचण्याचा आहे, तर दुसरा पोहोचलेल्या दाबातून पुरेसे घर्षण निर्माण न होण्याचा. त्यामुळे एकावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

डिस्क ब्रेकमध्ये लिव्हर हँडलवरील मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या पुढे ढकलते, त्यामुळे बंदिस्त द्रवात निर्माण झालेला दाब होजपाइपमधून कॅलिपरपर्यंत, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी पकडणाऱ्या भागापर्यंत पोहोचतो आणि तेथील पिस्टन पॅड डिस्कवर दाबतात. द्रव जवळजवळ दबत नाही, या गुणधर्मावर ही सगळी रचना उभी आहे. हवा मात्र सहज दबते. म्हणून पाइपमध्ये लहानसा बुडबुडा राहिला, तरी हाताचा जोर तो बुडबुडा आवळण्यात खर्ची पडतो आणि लिव्हर मऊ लागते.

असे असूनही लिव्हर मऊ लागली की पॅड झिजले, असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. हा समज बहुधा ड्रम ब्रेकच्या दीर्घ सवयीतून आलेला असावा, कारण तेथे ब्रेक शू झिजले की पॅडलची चाल खरोखरच वाढते आणि रॉडचे किंवा केबलचे नट आवळून ती कमी करता येते. डिस्क ब्रेकमध्ये मात्र ही भरपाई आपोआप होते : कॅलिपरमधील चौकोनी छेदाचे रबरी सील ब्रेक सोडल्यावर पिस्टनला केवळ किंचित मागे खेचते आणि पॅड जसजसे झिजतात, तसतसा पिस्टन त्या सीलमधून पुढे सरकत राहतो, त्यामुळे लिव्हरची चाल साधारण तेवढीच राहते. याचा अर्थ पॅडची झीज तपासू नये असा नाही. पॅडवरील खाच दिसेनाशी होण्याआधी ते बदललेच पाहिजेत. परंतु मऊपणा घालवण्यासाठी नवे पॅड बसवणे म्हणजे रोग एकीकडे आणि औषध दुसरीकडे असा प्रकार होतो.

पिस्टन पुढे सरकल्यावर त्याच्यामागची जागा भरण्यासाठी द्रव खाली उतरतो आणि मास्टर सिलिंडरवरील द्रवाच्या टाकीतील पातळी घटते. ही घट दिसताच वरून ब्रेक ऑइल ओतले की ब्रेक सुधारतो, हा आणखी एक पक्का समज आहे. वस्तुतः वरून भरल्याने आत अडकलेली हवा बाहेर पडत नाही. उलट नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलले की जादा द्रव टाकीतून उसळतो आणि रंग खराब करतो. पॅड जाड असतानाही पातळी कमी होत असेल, तर गळती शोधणे हाच पुढचा टप्पा असतो. पातळी भरलेली आहे म्हणून यंत्रणा निर्दोष आहे, असेही मानता येत नाही. लिव्हर स्थिर जोराने दाबून धरली असता ती हळूहळू मुठीकडे सरकत असेल आणि बाहेर कुठेही ओल दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरमधील रबरी वॉशर झिजलेला असण्याची शक्यता मोठी असते, कारण त्या स्थितीत द्रव आतल्या आत वॉशरला वळसा घालून मागे जातो. याउलट लिव्हर भराभर तीन-चार वेळा दाबल्यावर घट्ट होत असेल, तर बहुतेक वेळा यंत्रणेत हवा असते. ती घट्ट झाली म्हणून दोष गेला असे नव्हे, ती केवळ दोषाची खूण आहे.

हवा काढण्यासाठी लिव्हर रात्रभर मुठीला बांधून ठेवण्याची युक्ती अनेकांना ठाऊक असते. लिव्हर बांधलेली असताना बुडबुडे आकाराने लहान होतात, काही द्रवात विरघळतात, काही वर सरकतात आणि सकाळी लिव्हर सोडल्यावर मास्टर सिलिंडरजवळ आलेली हवा टाकीत निघून जाऊ शकते. म्हणून ब्रेक सुधारल्यासारखा वाटतो, परंतु कॅलिपरमध्ये अडकलेली हवा निघाल्याची खात्री यातून मिळत नाही. त्यासाठी ब्लीडिंगच करावे लागते : कॅलिपरवरील निपलला पारदर्शक नळी जोडून तिचे दुसरे टोक द्रवात बुडवायचे, लिव्हर दाबून धरायची, निपल पाव फेरा सैल करायचा, तो बंद झाल्यावरच लिव्हर सोडायची आणि नळीत बुडबुडे दिसेनासे होईपर्यंत हे करत राहायचे. या काळात टाकी रिकामी झाली, तर वरून नवी हवा शिरते आणि सारे काम पुन्हा करावे लागते.

यंत्रणा बंद असल्याने ब्रेक ऑइल खराब होत नाही, हा समज महाराष्ट्राच्या हवामानात विशेष घातक आहे. सामान्यतः वापरला जाणारा ग्लायकॉलवर आधारित द्रव ओलावा शोषून घेतो आणि हा ओलावा रबरी होजमधूनही हळूहळू आत येतो. डॉट ४ प्रतीच्या कोरड्या द्रवाचा उत्कलनांक किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, तर सुमारे ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर हाच किमान आकडा १५५ अंशांवर येतो. घाटातून लांब उतार उतरताना सतत ब्रेक धरून ठेवला, तर तापलेल्या कॅलिपरमधील असा द्रव उकळून त्याची वाफ होते, वाफ हवेसारखीच दबते आणि लिव्हर अचानक मुठीला टेकते. पायथ्याशी गाडी थंड झाली की ब्रेक पुन्हा लागू लागतो, त्यामुळे दोष आपोआप बरा झाला असे समजून द्रव बदलण्याचे टाळले जाते. बहुतेक उत्पादक दोन वर्षांनी द्रव बदलण्यास सांगतात, ते याच कारणाने.

डॉटचा आकडा मोठा म्हणजे द्रव सरस, हेही सरसकट खरे नाही. डॉट ५ हा सिलिकॉनवर आधारित असून तो डॉट ३, डॉट ४ किंवा डॉट ५.१ यांत मिसळायचा नसतो. इंजिन ऑइलसारखे खनिज तेल टाकल्यास रबरी सील फुगतात. टाकीच्या झाकणावर छापलेली प्रतच वापरावी.

लिव्हर घट्ट असूनही ब्रेक कमजोर असेल, तर द्रव बदलण्यात अर्थ नाही. तेथे पॅडचा पृष्ठभाग उष्णतेने काचेसारखा गुळगुळीत झालेला असतो, कॅलिपरचा पिस्टन किंवा सरकत्या पिना गंजून अडकलेल्या असतात, किंवा साखळीचा स्प्रे, पॉलिश यांचा तेलकट थर डिस्कवर आलेला असतो. डिस्क ब्रेक क्लीनरने स्वच्छ करता येते. तेल मुरलेले पॅड मात्र घासून वापरू नयेत, ते बदलावेत. नवे पॅड सुरुवातीला कमी पकडतात, ही त्रुटी नसून डिस्कशी त्यांची बैठक जमेपर्यंतची अवस्था असते.

भारतात १२५ घनसेंटिमीटरपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे झाले आणि त्याबरोबर ही यंत्रणा ब्रेकची उणीव भरून काढते, असा समजही पसरला. एबीएस चाक जाम होऊ देत नाही एवढेच. पुरेसा दाबच निर्माण होत नसेल, तर तो वाढवणे तिचे काम नाही. जोराने ब्रेक मारताना लिव्हरला जाणवणारी थरथर ही तिच्या कामाची खूण आहे, परंतु हलक्या ब्रेकिंगमध्येही लिव्हर लयीत मागेपुढे होत असेल, तर डिस्क वाकलेली आहे का, ते तपासावे.

लिव्हर मुठीला टेकत असलेली गाडी हळू चालवत गॅरेजपर्यंत नेणे सुरक्षित नाही. ती टेम्पोत घालून न्यावी किंवा मेकॅनिकला जागेवर बोलवावे.