मगरपट्ट्याचा कांदा, ओतूरचा कांदा आणि एकच खासदार

अधिवेशन सुरू झालं की चौकाचौकांत फ्लेक्स लागतात आणि मोबाईलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ फिरू लागतो: खासदारांनी शेतकऱ्यांसाठी संसदेत आवाज उठवला! बघणाऱ्यांचे लगेच दोन तट पडतात. एकाला वाटतं, आता काम झालंच. दुसरा म्हणतो, नुसती भाषणं, पुढे शून्य. दोघंही थोडे थोडे चुकतात.

गैरसमज १ : गावाकडच्या प्रश्नांशी पुणे शहराच्या मताचा काय संबंध?

वस्तुस्थिती : पुणेकरांचा खासदार एकच नाही. पुणे लोकसभा मतदारसंघात कसबा पेठ, पर्वती, कोथरूड, शिवाजीनगर, वडगाव शेरी आणि कॅन्टोन्मेंट येतात. हडपसर मात्र शिरूर मतदारसंघात आहे, जुन्नर, आंबेगाव, खेड-आळंदी, शिरूर आणि भोसरीच्या जोडीला. धायरी-वारज्याचा खडकवासला भाग बारामतीत मोडतो, इंदापूर, दौंड, पुरंदर आणि भोरबरोबर. म्हणजे हडपसरच्या मगरपट्ट्यातला संगणक अभियंता आणि जुन्नरमधल्या ओतूरचा कांदा उत्पादक शिरूरच्या त्याच उमेदवारांमधून निवड करतात. एकाला कांदा स्वस्त हवा, दुसऱ्याला कांद्याला भाव हवा. खासदार मात्र दोघांचा एकच.

गैरसमज २ : सभागृहात विषय मांडला की सरकारला तो सोडवावाच लागतो.

वस्तुस्थिती : सोडवावा लागत नाही. उत्तर द्यावं लागतं का, हे कोणत्या मार्गानं मांडला त्यावर ठरतं. लोकसभेत सकाळी ११ ते १२ प्रश्नोत्तराचा तास असतो. दिवसाला २० तारांकित प्रश्न यादीत येतात. त्यांना मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. २३० अतारांकित प्रश्नांना लेखी उत्तर मिळतं. प्रश्नाची सूचना साधारण १५ दिवस आधी द्यावी लागते आणि तारांकित यादीत नंबर लागणं हा सोडतीचा खेळ आहे. व्हिडिओत दिसतो तो बहुतेक वेळा शून्य प्रहर. तिथे तातडीचा विषय मांडता येतो, पण मंत्र्यानं तिथल्या तिथे उत्तर देण्याचं बंधन नसतं. नियम ३७७ खाली लेखी मजकूर देता येतो आणि संबंधित मंत्रालयाकडून नंतर पत्रानं उत्तर अपेक्षित असतं. व्हिडिओ गाजतो शून्य प्रहराचा, पण सरकारला आकड्यांसह बांधून ठेवतं ते लेखी उत्तर.

कांद्याचंच बघा. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, ८ डिसेंबरला निर्यातबंदीच आली. दोन्ही निर्णय सरकारी अधिसूचनांनी झाले. त्यावर सभागृहात मतदान झालं नाही. हिवाळी अधिवेशन तेव्हा चालू होतं. पण संसदेतल्या १३ डिसेंबरच्या सुरक्षाभंगावर सरकारनं निवेदन करावं या मागणीवरून गोंधळ झाला आणि १९ डिसेंबरला लोकसभेचे ४९ सदस्य उरलेल्या अधिवेशनासाठी निलंबित झाले. त्यांत बारामतीच्या सुप्रिया सुळे आणि शिरूरचे अमोल कोल्हे होते. कांदा पिकवणाऱ्या दोन्ही मतदारसंघांची सभागृहातली खुर्ची ऐन बंदीच्या दिवसांत रिकामी राहिली. बंदी उठली ४ मे २०२४ रोजी. तेव्हा संसद चालू नव्हती, निवडणूक चालू होती. बारामतीचं मतदान तीन दिवसांवर होतं, शिरूरचं नऊ दिवसांवर. शुल्क पूर्ण हटायला १ एप्रिल २०२५ उजाडला.

गैरसमज ३ : गावची प्रत्येक अडचण दिल्लीत सुटते.

वस्तुस्थिती : कालव्याचं आवर्तन, शेतीपंपाची वीज, पोलीस ठाणं हे राज्याचे विषय आहेत, तिथे आमदार गाठायचा. आयात-निर्यात, उसाचा रास्त व किफायतशीर दर (एफआरपी), रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग हे दिल्लीचे. काही प्रश्न मधोमध लोंबकळतात. जुन्नरच्या उसात लपणारा बिबट्या घ्या. पिंजरा लावायचा तो राज्याच्या वनविभागानं. पण बिबट्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि ती अनुसूची केंद्राच्या हाती. म्हणून हा विषय मुंबईतही मांडावा लागतो आणि दिल्लीतही.

गैरसमज ४ : खासदारानं स्वतःच कायदा आणावा की!

वस्तुस्थिती : आणता येतो. खासगी विधेयकांसाठी शुक्रवारची दुपार राखीवही असते. पण स्वातंत्र्यानंतर अशी अवघी १४ विधेयकं कायदा झाली, शेवटचं १९७० मध्ये. हातकणंगल्याचे तेव्हाचे खासदार राजू शेट्टी यांनी २०१८ मध्ये कर्जमुक्ती आणि हमीभावाच्या हक्काची दोन विधेयकं मांडली, ती संमत झाली नाहीत. तरी हमीभाव हा कायदेशीर हक्क असावा ही मागणी संसदेच्या कागदांवर मसुद्यासह नोंदली गेली.

गैरसमज ५ : वर्षाचे ५ कोटी खासदाराच्या हातात असतात.

वस्तुस्थिती : खासदार स्थानिक विकास निधीत खासदार फक्त काम सुचवतो. मंजुरी आणि खर्च जिल्हा प्रशासनाचा. शिरूरच्या निधीवर हडपसर-भोसरीसह सहा विधानसभा क्षेत्रांचा हक्क आहे. समान वाटला तर एका क्षेत्राच्या वाट्याला वर्षाला कोटभरही येत नाही. 'रस्ता का झाला नाही' हा प्रश्न जिल्हाधिकारी कार्यालयातही विचारायला हवा.

गैरसमज ६ : रिकामी बाकं म्हणजे कामचुकारपणा, आणि मराठीत बोललेलं दिल्लीत कुणाला कळत नाही.

वस्तुस्थिती : बाकं रिकामी दिसली म्हणजे सदस्य कामचुकारच, असं नाही. विभागवार २४ स्थायी समित्या आहेत, प्रत्येकीत ३१ सदस्य. शेती, पाणी, रेल्वे यांची बारीक चिकित्सा तिथे होते आणि तिथे कॅमेरे नसतात. हजेरीचा आकडा एकट्यानं वाचू नका, विचारलेले प्रश्न आणि समितीतलं कामही त्याच्या शेजारी ठेवा. राहिली मराठी. राज्यघटनेच्या कलम १२० नुसार अध्यक्षांच्या परवानगीनं मातृभाषेत बोलता येतं आणि दुभाषी ते सभागृहापर्यंत पोहोचवतात.

मग मतदारानं करायचं काय? अधिवेशनाच्या महिनाभर आधी पत्र लिहायचं. गाव, तारीख, नुकसानीचा आकडा आणि कोणतं मंत्रालय, एवढं त्यात असलं की पत्रातून प्रश्न घडवणं सोपं जातं. त्याचं लेखी उत्तर लोकसभेच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतं. पुढच्या वेळी व्हिडिओ आला की तो पुढे ढकलण्याआधी एवढंच विचारा: लेखी उत्तर काय आलं? ओतूरचा शेतकरी हे विचारतोच. मगरपट्ट्यातूनही विचारणा झाली, तर त्या प्रश्नामागे दोन्हीकडची मतं उभी राहतील.