मार्ग यंत्राचा, मुखत्यारी माणसाची

मोठ्या बँकेत किंवा रुग्णालयात एखादी केबल तुटली, तरी बहुधा काही सेकंदांतच कारभार पूर्ववत सुरू होतो आणि खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाला त्या विघ्नाची वार्ताही लागत नाही. याचे श्रेय, जे स्विच संगणकांना एकमेकांशी जोडून न थांबता एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्यात जाणारा मार्गही निवडतात, त्यांच्यात नांदणाऱ्या राउटिंग प्रोटोकॉलला, म्हणजे मार्गनिर्णयाच्या नियमावलीला द्यावे लागते.

या नियमावलींपैकी ‘रिप’ ही जुनी पद्धत दर ३० सेकंदांनी आपली मार्गसूची शेजाऱ्यांना कळवी. पण ती केवळ वाटेतले टप्पे मोजी आणि पंधरा टप्प्यांपलीकडचा मुलूख तिला अगम्यच असे. १९८९ साली जॉन मॉय यांनी ज्याचा पहिला मसुदा सिद्ध केला, त्या ‘ओएसपीएफ’ने मात्र प्रत्येक यंत्राच्या हाती आपल्या क्षेत्राचा, म्हणजे ‘एरिया’चा, संपूर्ण नकाशा दिला आणि डच गणितज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या रीतीने त्यातून अल्पतम खर्चाचा मार्ग काढण्याची तजवीज केली.

परंतु माणसाने सांभाळायच्या तीन बाबी उरतातच. पहिली बाब शेजारसंबंधांची. हा नकाशा ज्या शेजारसंबंधांतून घडतो, ते स्विचच्या एकेका इंटरफेसवर, म्हणजे जोडणीच्या तोंडावर, जुळतात किंवा बिघडतात. सामान्यतः दर १० सेकंदांनी त्यावरून ‘हॅलो’ हा लघुसंदेश निघतो आणि ४० सेकंद तो आला नाही, तर शेजारी मृत समजला जातो. या दोन्ही मुदती व एरियाचा क्रमांक दोन्ही टोकांना तंतोतंत सारखे असावे लागतात. एका टोकाला कोणी १० च्या जागी ५ लिहिले, तर पोर्टवरचा हिरवा दिवा जळत राहतो, ‘पिंग’ या संपर्कचाचणीला उत्तरही येते, पण शेजारसंबंध जुळत नाही. आणि अननुभवी माणूस निर्दोष केबल बदलत बसतो.

दुसरी बाब ‘कॉस्ट’ची, म्हणजे मार्गाच्या खर्चाची. अनेक यंत्रांत हा आकडा १०० मेगाबिट या जुन्या प्रमाणाला त्या वाटेच्या वेगाने भागून काढतात आणि तो एकाखाली जात नाही. म्हणून १०० मेगाबिटची संथ वाट आणि १० गिगाबिटचा राजमार्ग दोघांचाही खर्च १ ठरतो. हे प्रमाण सर्व यंत्रांत एकसारखे वाढवले नाही किंवा इंटरफेसवर खर्च स्वतः नेमून दिला नाही, तर यंत्र बिनचूक गणित करूनही अयोग्य वाट धरील.

तिसरी बाब बंदोबस्ताची. कर्मचाऱ्यांच्या संगणकांकडे तोंड करणारे इंटरफेस ‘पॅसिव्ह’ ठेवले, म्हणजे तिकडचा मुलूख जाहीर होतो, पण तिकडून कोणी उपरा स्विच शेजारी म्हणून शिरू शकत नाही. आणि जिथे शेजारी खरोखर हवा, तिथे सांकेतिक किल्लीने त्याची खातरजमा करावी.

मार्ग आपोआप सापडतो, म्हणून माणसाची जबाबदारी सरली, असे समजणे घातक आहे. ज्यांच्या हाती ही यंत्रे आहेत, त्यांनी प्रत्येक इंटरफेसवरील मुदती, खर्च आणि एरिया यांची दप्तरी नोंद ठेवावी आणि एका टोकाला हात लावण्यापूर्वी दुसरे टोक अवश्य तपासावे.